कॉम्प्युटरवर खोटा व्हायरस अलर्ट येतोय? नंबर लावू नका, आधी हे करा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहतो, वरच्या मजल्यावर एक काका-काकू आहेत, काका बेस्टमधून रिटायर झालेत, घरात एक जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर लाइट बिल, एलआयसीचे हप्ते, नातीचे कॉलेजचे फॉर्म एवढंच चालतं. रात्री साडेनऊला काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अरे लवकर वर ये रे, कॉम्प्युटर ओरडायला लागलाय." वर गेलो तर स्क्रीन पूर्ण लाल, सायरन वाजतोय, एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत सारखा सांगतोय की मशीन बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जातेय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. काका मोबाइल हातात घेऊन उभे. लाइट बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने तो नंबर उतरवून घेतलेला आणि सहा आकडे दाबूनही झालेले.

फोन खाली ठेवायला लावला. ती लाल स्क्रीन घालवायला एक मिनिट पण लागलं नाही, पण ती पुन्हा येऊ नये म्हणून मूळ शोधायला तास गेला. तोच तासभराचा उद्योग इथे सविस्तर लिहितोय, कारण प्रत्येक घरात असा एक कॉम्प्युटर असतो आणि तो वापरणारं माणूस एकटं असताना नेमकं हे होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ती लाल स्क्रीन म्हणजे एक चित्र आहे. वेबपेजला तुमच्या हार्डडिस्कमधले व्हायरस मोजताच येत नाहीत, त्याला तेवढी परवानगीच नसते. "४७ व्हायरस सापडले" हा आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो, माझ्याकडे येईल तेव्हा ४७ आणि तुमच्याकडे येईल तेव्हाही ४७. खरा फुल स्कॅन जुन्या मशीनवर तास-दीड तास सहज खातो आणि इथे दहा सेकंदात सगळा रिपोर्ट तयार. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये कधीच फोन नंबर नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलेलं आहे. नुकसान सुरू होतं ते तुम्ही नंबर लावता, बटण दाबता किंवा काहीतरी डाउनलोड करता तेव्हा.

स्क्रीन अडकली असेल तर

आधी स्पीकर बंद करा. खरंच सांगतो, आवाज गेला की अर्धी भीती जाते, काकूंच्या चेहऱ्यावर मी ते बघितलंय.

मग त्या पॉप-अपमधल्या कशावरच क्लिक करू नका, "कॅन्सल" नाही, "ओके" नाही, कोपऱ्यातली फुली पण नाही. ती फुली पण चित्रातच काढलेली असते. ओळखायचं कसं, तर माउस तिच्यावर नुसता नेऊन बघा, दाबू नका: विंडोजची खरी फुली लाल होते, आणि खोट्या फुलीवर बऱ्याचदा बाणाचा हात होतो, म्हणजे ती लिंक आहे. काकांना हे दाखवलं तेव्हा ते दोन-तीनदा माउस नेऊन बघत बसले.

आता कीबोर्डवर या. एस्केपचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन निघून वरची टॅबची पट्टी दिसायला लागेल, तो टॅब बंद करा. नाही झालं तर आल्ट धरून एफ ४. तरीही नाही तर कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडा, यादीत क्रोम किंवा एज, तुमचा जो ब्राउझर असेल त्यावर क्लिक करून "एंड टास्क" मारा. मॅक असेल तर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. काहीच चाललं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मशीन बंद करा, त्या बाईने कितीही सांगितलं तरी काही जळत नाही की डेटा जात नाही, फक्त सेव्ह न केलेलं काही उघडं असेल तर तेवढं जाईल.

आणि इथे बरेच जण फसतात: ब्राउझर परत उघडल्यावर तो विचारतो की मघाची पेजेस परत आणू का, "रिस्टोर" करू का. नको म्हणा. हो म्हटलं की तीच लाल स्क्रीन परत. तरीही आपोआप येत असेल तर राउटर बंद करा, नेट नसताना ब्राउझर उघडा, टॅब बंद करा आणि मगच नेट चालू करा.

आता बघायचं, की हे येतंय कुठून

लोक इथे घाई करतात, यूट्यूबवर बघून पाच सॉफ्टवेअर टाकतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. तुमचा पॉप-अप नेमका कधी आणि कुठे दिसतो ते आधी बघा, कारण त्यावरच उपाय ठरतो.

एखाद्याच साइटवर गेलं की येतो, एरवी नाही, तर ती त्या साइटवरची खराब जाहिरात आहे, तुमच्या मशीनमध्ये बहुतेक काहीच नाही, त्या साइटवर जाणं बंद करा. पिक्चर आणि मॅच फुकटात दाखवणाऱ्या साइटवर हे फार.

खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या वर छोटे चौकोन येत असतील, "तुमचं अँटिव्हायरस एक्स्पायर झालंय", "३ धोके सापडले" वगैरे, तर ती नोटिफिकेशन्स आहेत. सर्च केल्यावर गुगलऐवजी भलतंच पान उघडतं, होमपेज बदललंय, तर तो हायजॅकर, म्हणजे एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) किंवा साधा प्रोग्रॅम तुमच्या ब्राउझरचा ताबा घेऊन बसलाय. आणि ब्राउझर उघडलेलाच नसताना, मशीन चालू केल्या केल्या अँटिव्हायरससारखं काहीतरी येऊन पैसे मागत असेल तर तो खोटा प्रोग्रॅम खरोखर इन्स्टॉल झालेला आहे. हा प्रकार जुना आहे, विनफिक्सर नावाचं असंच एक सॉफ्टवेअर विकणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये केस केली होती आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी डॉलरच्या वर भरपाईचा आदेश दिला. इतकी वर्षं झाली तरी युक्ती तीच चालू आहे, कारण भीती तीच आहे.

काकांच्या मशीनवर दुसरा आणि तिसरा, म्हणजे नोटिफिकेशन्स आणि हायजॅकर, दोन्ही प्रकार होते.

कोपऱ्यातली नोटिफिकेशन्स

झालं काय होतं, काका आरतीसंग्रहाची पीडीएफ शोधत होते. एका साइटवर लिहून आलं की तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला "अलाव" (Allow, म्हणजे परवानगी द्या) दाबा. त्यांनी दाबलं. ती रोबोटची तपासणी नव्हतीच, तो ब्राउझरचा खरा प्रश्न होता की या साइटला नोटिफिकेशन पाठवू द्यायची का, आणि काकांनी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की ती साइट बंद असली तरी जाहिराती येत राहतात, आणि त्यातल्या एकावर क्लिक झालं की लाल स्क्रीन. रोबोट नाही म्हणून सिद्ध करायला खऱ्या ठिकाणी चौकोनात टिक करायला लागते किंवा चित्रं निवडायला लागतात, "अलाव" कधीच दाबायला लागत नाही.

काढायचं असं: क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी असलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट, समोरच्या तीन टिंबांवर क्लिक करून "ब्लॉक". काकांकडे अशा अकरा साइट्स निघाल्या. मग वरती "साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" हा पर्याय निवडून टाका, घरच्या मशीनवर कोणालाच त्याची गरज पडत नाही. एज आणि फायरफॉक्समध्ये मेनूची नावं थोडी वेगळी आहेत आणि बदलत पण राहतात, म्हणून तिथे सेटिंग्जच्या सर्चमध्ये नोटिफिकेशन टाइप करा, सापडतं.

अँड्रॉइड मोबाइलवरच्या क्रोममध्ये पण हेच होतं, तिथेही हीच यादी आहे, ती पण बघून घ्या.

प्रोग्रॅम आधी, एक्स्टेन्शन नंतर

हा क्रम मुद्दाम सांगतोय. एक्स्टेन्शन आधी काढलं आणि ते टाकणारा प्रोग्रॅम तसाच राहिला, तर मशीन रीस्टार्ट मारल्यावर तो ते परत बसवतो आणि आपण म्हणतो व्हायरस जात नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात इन्स्टॉल्ड ॲप्स, विंडोज १० असेल तर ॲप्स अँड फीचर्स. यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्याच्या आसपासच्या तारखा बघा. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, कूपनवालं काहीतरी, नाव कधी न ऐकलेला ब्राउझर, ही नेहमीची गिऱ्हाइकं. अनइन्स्टॉल करताना प्रत्येक पाटी वाचा, कारण काही ठिकाणी मोठं रंगीत बटण "ठेवा" असतं आणि काढायची लिंक खाली बारीक अक्षरात लपवलेली असते. व्हिज्युअल सी प्लस प्लस, रिअलटेक, इंटेल असलं काही दिसलं तर हात लावू नका, ते मशीनचं आहे. शंका असेल तर नाव मोबाइलवर सर्च करून बघा, पण मशीनवर नको, कारण त्या मशीनचा सर्च आत्ता भरवशाचा नाही.

आता एक्स्टेन्शन. ब्राउझरच्या वर पझलच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं, त्यात मॅनेज एक्स्टेन्शन्स. आपण मुद्दाम टाकलेलं नाही ते सगळं "रिमूव्ह". काकांकडे एक पीडीएफवालं एक्स्टेन्शन होतं, त्याला परवानगी होती की सगळ्या वेबसाइटवरचा सगळा डेटा वाचता आणि बदलता येईल. म्हणजे नेट बँकिंगचं पान पण. हे ऐकल्यावर काका खुर्चीत बसले.

कधीकधी रिमूव्हचं बटणच मिळत नाही आणि लिहिलेलं असतं की हे ॲडमिनिस्ट्रेटरने टाकलंय, मेनूच्या तळाला पण दिसतं की तुमचा ब्राउझर संस्थेच्या ताब्यात आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ते बरोबर आहे, सोडून द्या. काही खरी अँटिव्हायरस पण असं करतात. पण घरच्या मशीनवर, तसं काही नसताना, ही हायजॅकरची खूण समजा: ऑफिसवाल्यांसाठी दिलेली सोय तो विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, नोंद करून वापरतो. रजिस्ट्री स्वतः उघडून खोडाखोड करू नका, नवख्या माणसाने तर नाहीच. मालवेअरबाइट्सचं ॲडब्लूक्लीनर नावाचं फुकट टूल आहे, त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोमच्या पॉलिसी, म्हणजे असे वरून लादलेले नियम, रीसेट करायचा पर्याय आहे, तो चालू करून ते चालवा.

ब्राउझर मूळ जागेवर आणणं

सेटिंग्जमध्ये "रीसेट सेटिंग्ज" असतं, त्यात सगळं पहिल्यासारखं करायचा पर्याय दाबा. बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत, होमपेज आणि सर्च इंजिन मूळचं होतं, एक्स्टेन्शन्स सगळी बंद होतात, कुकीज जातात म्हणून साइट्सवर परत लॉगिन करायला लागेल. पासवर्ड आठवत नसतील तर आधी लिहून ठेवा.

जुने व्हिडिओ बघून लोक क्रोममधलं "क्लीन अप कॉम्प्युटर" शोधत बसतात. ते गुगलने २०२३ मध्ये काढून टाकलं, आता मिळणार नाही.

मग डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे "टार्गेट" नावाचा रकाना. तो ब्राउझरच्या ईएक्सई फाइलच्या नावापाशी, अवतरणचिन्हावर संपला पाहिजे. त्यापुढे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तेवढाच खोडा आणि ओके करा. सगळं साफ करूनही ब्राउझर उघडताना तेच पान येतं त्याचं कारण पुष्कळदा इथे असतं, आणि इथे फार कमी लोक बघतात.

आणखी एक, सिंक, म्हणजे एकाच अकाउंटच्या सगळ्या मशीनवर ब्राउझर सारखा ठेवायची सोय. तुमच्या गुगल अकाउंटला सिंक चालू असेल तर वाईट एक्स्टेन्शन दुसऱ्या लॅपटॉपवरून परत इथे येऊ शकतं, म्हणून साफसफाई होईपर्यंत सिंक बंद ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या मशीनवर पण हीच झाडलोट करा.

स्कॅन

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि फुल स्कॅन लावून जेवायला बसा. त्यानंतर तिथेच खाली ऑफलाइन स्कॅन आहे, त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. उघड्या फाइल्स सेव्ह करूनच दाबा. याच विंडोज सिक्युरिटीत "ॲप अँड ब्राउझर कंट्रोल" मध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन आहे, त्यातली नकोशी ॲप्स अडवायची बटणं चालू करून ठेवा, बऱ्याच मशीनवर ती बंद असतात.

मग ॲडब्लूक्लीनर एकदा. ते मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या, सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीतून नको. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र पण आहे, सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते, २०१७ पासून, तिथेही फुकट टूल्स मिळतात. दोन अँटिव्हायरस मात्र एकदम ठेवू नका, एकमेकांना अडवतात आणि मशीन गाडीसारखं धापा टाकतं.

एवढं करूनही येत असेल तर तीन जागा राहिल्या. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा टॅब, अनोळखी ते "डिसेबल". टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणारी विंडोजची सोय, त्यात कधीकधी दर तासाला ब्राउझर उघडून कुठलीतरी साइट दाखवायचं काम लावलेलं असतं. आणि नेटवर्कच्या सेटिंग्जमधली प्रॉक्सी, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच मशीनमार्गे फिरवणारं सेटिंग, घरी ती बंदच पाहिजे. त्याच वायफायवर मोबाइलमध्ये पण भलती पानं उघडत असतील तर राउटरचं सेटिंग कोणीतरी बदललंय, नेटवाल्याला बोलवून राउटर रीसेट करून घ्या आणि त्याचा मूळचा पासवर्ड बदलायला सांगा.

फोन लावून झाला असेल तर

हे वाचताना कोणाच्या पोटात गोळा आला असेल तर त्यांच्यासाठी. पलीकडे बसलेला माणूस रोज हेच करतो, त्याला स्क्रिप्ट दिलेली असते. २०१६ मध्ये आपल्या मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटर पकडली होती, तिथून अमेरिकेतल्या लोकांना टॅक्सवाले बनून घाबरवायचे. तेव्हा फसलात म्हणजे तुम्ही अडाणी, असं अजिबात नाही.

त्यांनी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (लांबून तुमचं मशीन चालवता येणारी सॉफ्टवेअर) टाकायला लावलं असेल तर पहिलं नेट तोडा, वायर काढा किंवा राउटर बंद. मग बँकेला फोन, नंबर पासबुकवरचा किंवा कार्डाच्या मागचा, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. इथे मिनिटं मोजा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता यायची शक्यता जास्त. व्यवहाराचा मेसेज, त्यांचा नंबर, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो, काहीच डिलीट करू नका.

पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे सगळे त्यावरूनच उघडतात. आणि ज्या मशीनचा ताबा त्यांच्याकडे गेला होता त्यात मी नुसत्या स्कॅनवर भरवसा ठेवणार नाही, फोटो-कागदपत्रं काढून घेऊन विंडोज नव्याने टाकून घ्या.

घरातल्यांना एक विनंती, अशा वेळी आई-वडिलांवर ओरडू नका. ओरडलात की पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत, आणि लपवण्यात जे दोन तास जातात त्यात खातं रिकामं होतं.

काकांच्या मशीनवर शेवटी काय करून ठेवलं

विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक साधं, स्टँडर्ड अकाउंट बनवलं, ॲडमिनचं वेगळं, त्याचा पासवर्ड काकूंच्या डायरीत. आता कुठलंही सॉफ्टवेअर टाकायचं तर पासवर्ड विचारतो आणि काका आधी मला खाली हाक मारतात. क्रोममध्ये युब्लॉक ओरिजिन लाइट हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं म्हणजे मुळात जाहिरातीच कमी. एज वापरत असाल तर २०२५ मध्ये त्यात स्केअरवेअर ब्लॉकर आलाय, नेमका या फुल स्क्रीनवाल्या भीतीसाठीच, प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये चालू आहे का बघा. आणि मशीन अजून विंडोज १० वर असेल तर लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशीनला झेपत असेल तर ११ वर जा.

मॉनिटरच्या खाली काकांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलीय: "आवाज बंद. एस्केप दाबून धरणे. फोन करायचा नाही. १९३०." आरतीसंग्रहाची पीडीएफ मी त्यांना पेनड्राइव्हवर दिली.